बेडकाला डोकं आहे की नुसतं बटण?

खवचट: माझं स्पष्ट मत, बेडकाची शिकार म्हणजे बटण दाबलं की दिवा लागतो तसला प्रकार. १९५९ साली लेटविन, मातुराना, मॅकलक आणि पिट्स या संशोधकांनी दाखवलं की छोटा काळा ठिपका हलला की डोळ्याच्या पडद्यातल्याच काही पेशी पेटतात, म्हणजे मेंदूत पोचायच्या आधीच अर्धं काम झालेलं. भोवती मेलेल्या माश्यांचा खच पडला तरी हा पठ्ठ्या उपाशी मरेल, कारण माशी हलतच नाही ना! याला अक्कल म्हणायचं?

निशाचर: अरे थांब जरा. एवर्ट या शास्त्रज्ञाने टोडवर, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या भावावर, केलेले प्रयोग बघ. टोड काचेच्या भांड्यात, आणि बाहेरून काळ्या पुठ्ठ्याची पट्टी गोल फिरवायची. पट्टी आडवी, लांबीच्या दिशेने सरकली, गांडुळासारखी, की टोड वळतो, परत वळतो, पिच्छाच सोडत नाही. तीच पट्टी उभी करून तेवढ्याच वेगाने फिरवली तर जवळजवळ ढुंकूनही बघत नाही! हा फरक ओळखतात टेक्टममधल्या टी५.२ नावाच्या पेशी, आणि टेक्टम म्हणजे डोळ्याकडून आलेली माहिती घेणारा मेंदूचा भाग बरं का, डोळा नाही. वर प्रिटेक्टम हा मेंदूचाच शेजारचा भाग त्यांना सतत आवरून धरतो, तो भाग निकामी केला की टोड हलेल त्यावर झडप घालतो, माणसाच्या हातावरसुद्धा.

खवचट: मग हे माझ्याच बाजूचं झालं की! ब्रेक काढला, गाडी सुटली, यात विचार कुठे आला? आणि स्पेरी हा शास्त्रज्ञ विसरलास, १९४० च्या दशकात त्याने बेडकांचे डोळे उलटे फिरवले, तर माशी वर आणि जीभ खाली, कितीही चुकलं तरी गडी सुधारलाच नाही.

कुंपणावरचा: मधेच बोलतो. इंगल या संशोधकाने १९७३ मध्ये बेडकांवर दाखवलेलं भारी आहे. एका बाजूचा टेक्टम काढल्यावर डोळ्याची नस वाढून चुकून दुसऱ्या बाजूच्या टेक्टमला जोडली गेली. आता शिकार डावीकडे दिसली की बेडूक उजवीकडे झेपावायचा, पण वाटेत आडवा अडथळा ठेवला तर तो मात्र बरोब्बर चुकवायचा. डोळा तोच! म्हणजे एकच बटण हे काही पटत नाही बुवा, निदान दोन वेगळ्या वायरी आहेत.

निशाचर: तेच सांगतोय! शिवाय टोडला एकदा बंबलबी, म्हणजे ती जाडजूड केसाळ मधमाशी, चावली की पुढे तो तिला टाळतो, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या गरीब माशीलाही. बटण शिकतं का कधी?

खवचट: बरं बाबा, शिकतो. मेलेली माशी खायला शिकला की मला हाक मार.