मॅच, पंचांचा निर्णय आणि ते फसलेलं जेवण: तुमचेही अनुभव लिहा

काल लेकीने फोनवर २०१९ च्या क्रिकेट वर्ल्ड कपच्या इंग्लंड-न्यूझीलंड फायनलची क्लिप लावली आणि ती रात्र जशीच्या तशी आठवली. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस, म्हणून मुद्दाम मोठा टीव्ही असलेल्या हॉटेलात गेलो होतो. सूप आलं ते गार, परत पाठवलं तर तेच तापवून आणलं, वर जाड थर आलेला. बाकीचं जेवण दीड तास नाही. आलं तेव्हा शेवटची ओव्हर चालू होती आणि न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला. सहा रन दिले! थ्रो सुटला तेव्हा दोघा बॅट्समननी दुसऱ्या रनसाठी एकमेकांना क्रॉस केलं नव्हतं, म्हणजे पाचच हवे होते आणि पुढचा बॉल समोरच्या रशीदने खेळायला हवा होता. मग मॅच टाय, सुपर ओव्हर टाय, आणि कप कोणाला तर ज्यांचे चौकार-षटकार जास्त त्यांना, म्हणजे इंग्लंडला. २६ विरुद्ध १७. बाबांनी ताट बाजूला सारलं ते सारलंच. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला आजही वाटतं की न्यूझीलंडवर अन्याय झाला. तुम्हाला असं कुठल्या मॅचचं वाटतं? आणि जेवण फसल्याचे किस्से पण चालतील.

तिसरा पंच
त्या मॅचचे पंच धर्मसेनांनी नंतर चूक झाली हे मान्य केलं होतं. पण ताई, त्या क्षणी दोन बॅट्समन कुठे आहेत आणि बॉल हातातून कधी सुटला हे एकदम बघणं फार अवघड आहे हो. मी हौशी मॅचेसना अंपायरिंग करतो, म्हणून सांगतो. माझा राग पंचांवर नाही, चौकार मोजायच्या नियमावर आहे. तो आयसीसीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढून टाकला, आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर. न्यूझीलंडच्या कॅप्टन विल्यमसनला त्याचा काय उपयोग.

रात्रपाळी
त्याच दिवशी विम्बल्डन पण होतं!! फेडररच्या हातात दोन मॅच पॉइंट होते, तरी हरला. मला ते जास्त लागलं. वाद वगैरे काही नाही त्यात, सॉरी, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही

कोपऱ्यातली खुर्ची
विनेश फोगाट. पॅरिस ऑलिम्पिक. १०० ग्रॅम.
पहिल्या दिवशी वजन बरोबर, मग तिने जपानच्या सुसाकीला हरवलं, जी तोपर्यंत आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती, तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेली आणि दुसऱ्या सकाळी वजन जास्त भरलं म्हणून थेट शेवटचा नंबर. दुसऱ्या दिवशी बाद करा, समजू शकते, पण आदल्या दिवशीच्या कुस्त्या तर नियमात बसूनच जिंकल्या होत्या ना? त्या कशा पुसायच्या? रौप्य द्यायला हवं होतं, क्रीडा लवादाने अपील फेटाळलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. माझा भाऊ कुस्ती खेळायचा, वजनाच्या आदल्या रात्री पाणीसुद्धा पीत नसे, नुसती चूळ भरायचा. ज्यांनी हे घरात बघितलंय त्यांना १०० ग्रॅम म्हणजे काय ते कळेल.

भटारखाना
सूपवाल्या ताई, मी सात वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत. मॅचच्या दिवशी एरवी दोन तासांत येतात तेवढ्या ऑर्डरी इनिंग संपल्या संपल्या दहा मिनिटांत येतात. केओटीचा (किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा) ढीग लागतो, शेगड्या तेवढ्याच, माणसं तेवढीच. उशीर होणारच, पण तसं टेबलवर येऊन सांगायला हवं. आणि परत आलेलं सूप तापवून पाठवणं चूकच, नवीन द्यायचं असतं. आमचे उस्ताद असलं करणाऱ्याला त्या दिवशी शेगडीसमोर उभं करत नसत. वाढदिवसाचं टेबल होतं, वाईट वाटलं वाचून.

चष्मा
मंकडिंग, म्हणजे बॉल टाकायच्या आधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला बॉलरने रनआऊट करणं. मला तो शब्दच आवडत नाही. १९४७ मध्ये विनू मांकडांनी बिल ब्राऊनला बाद केलं ते नियमातच होतं, खुद्द ब्रॅडमननी त्यांची बाजू घेतली होती. तरी इतकी वर्षं त्यांचं नाव शिवीसारखं वापरलं. दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर चार्ली डीनला तसंच बाद केलं तर परत तेच रडगाणं. बॉल टाकायच्या आधी क्रीज सोडायची कशाला?

तिसरा पंच
@चष्मा शंभर टक्के. आता तर ते सरळ रनआऊटच्या कलमात आहे.

पाऊसवेडी
९६ च्या वर्ल्ड कपची भारत-श्रीलंका सेमीफायनल कोणीच नाही काढली? आपण १ बाद ९८ वरून ८ बाद १२०, मग बाटल्या, जाळपोळ, आणि सामना श्रीलंकेला बहाल. मी शाळेत होते, रडत बाहेर येणारा कांबळी बघून आमच्या घरी कोणी जेवलं नाही. भाजी तशीच झाकून ठेवलेली. तो नॉटआऊट होता हो.

रात्रपाळी
@पाऊसवेडी आमच्याकडेही हेच 😞 आजोबांनी टीव्हीवर कापड टाकलं ते आठवडाभर काढलं नाही

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचतेय, मधेच दूध उतू गेलं. भटारखाना दादा, थँक्यू, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले किचनवाल्यांवर राग नव्हताच, सहा रनांवर होता. आता विचारतायत की सुपासाठी घट्टपणा कशाने आणायचा म्हणजे परत तापवल्यावर थर धरत नाही?

भटारखाना
बाबांना सांगा, तापवताना थोडं गरम पाणी घालून सतत ढवळायचं, आच मंद. क्रीम असेल तर उकळी आणायची नाही. कुठलं सूप करतायत?