पीडीएफ आली म्हणून वही मिटावी काय?

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई (मूळ मांडणी)

माझा नातू नीटच्या तयारीसाठी लातुरात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एकही भरलेली वही नव्हती. वर्गात शिकवलेल्या भागाची पीडीएफ त्याच संध्याकाळी मोबाइलवर येते, मग लिहून घ्यायचे कशाला, असा त्याचा सरळ प्रश्न होता. चौतीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाला हे पटत नाही, आणि त्याचे कारण केवळ सवय नव्हे. हात बोलण्याच्या वेगाने चालत नाही. त्यामुळे काय टिपायचे आणि काय सोडायचे हे लिहिणाऱ्याला जागच्या जागी ठरवावे लागते, आणि ते ठरवता ठरवता ऐकलेले एकदा मनात दळून निघते. २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान बरेचसे शब्दशः उतरवत गेले, तर हाताने लिहिणारे संकल्पनांवरील प्रश्नांत सरस ठरले. तयार पीडीएफमध्ये तर उतरवण्याचेही कष्ट उरलेले नाहीत.

दुसरा मुद्दा टिकण्याचा. निजामाच्या राजवटीतील उर्दू आणि मोडी नोंदी २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील कचेऱ्यांमधून बाहेर काढल्या गेल्या, आणि पाऊणशे वर्षांहून जुने ते कागद वाचता आले. आजची पीडीएफ तितकी टिकेल काय?

सीनाकाठ, परांडा

गुरुजी, आपला मान राखून असहमती नोंदवतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या घरात छातीइतके पाणी होते. मुलीच्या वह्या, वडिलांनी वीस वर्षे लिहिलेला शेतीचा जमाखर्च आणि जुन्या खरेदीखतांचे कागद, सगळ्याचा लगदा झाला. शेजारच्या अंगणात आम्ही पाने वेगळी करून वाळत घातली, परंतु शाई पसरून गेली होती. सातबारा मात्र पाणी ओसरल्यावर लगेच निघाला, कारण तो आमच्या पेटीत नव्हताच.

हस्ताक्षराचे गोडवे गाण्यापूर्वी त्याचा त्रासही मोजावा. आमच्या आजोबांचे 'धोंडिबा' हे नाव कधी काळी एका तलाठ्याने 'कोंडिबा' असे लिहून ठेवले, आणि वारस नोंदीसाठी वडिलांना दोन वर्षे चकरा माराव्या लागल्या. ही खोड आजची नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींमध्ये इतके अपपाठ शिरले होते, की शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथ महाराजांना शुद्ध प्रत सिद्ध करण्याचा खटाटोप करावा लागला. आपण म्हणता त्या निजामकालीन नोंदीही मोडी आणि उर्दूचे जाणकार शोधूनच वाचाव्या लागल्या, आणि सापडल्यावर त्यांचे स्कॅनिंग झाले.

आडत दुकानदार, उदगीर

पुराचे ऐकून वाईट वाटले. तरीही एक सांगतो. धोंडिबाचा कोंडिबा संगणकावरही होतो. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून मागणारे अर्ज आजही करावेच लागतात.

आमच्या दुकानात जीएसटीची बिले संगणकावर निघतात, परंतु वजनकाट्याशेजारी रोजमेळाची वही ठेवलेली असते. सोयाबीन घालायला आलेल्या शेतकऱ्याने उचल घेतली, की ती त्याच्या डोळ्यांदेखत शाईने लिहिली जाते. आकडा चुकला तर आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहितो आणि सही करतो. खोडलेले तिथेच दिसत राहते, आणि शेतकऱ्याचा भरवसा त्या रेघेवर आहे. संगणकात बदलाचा माग ठेवता येतो हे मला मान्य आहे, पण तो माग ज्याचा हिशेब आहे त्याला कोण दाखवतो? छापील पावतीवर विसंबावे तर थर्मल कागदावरची अक्षरे पुढचा हंगाम येईपर्यंत उडून जातात.

अभ्यासिका, छत्रपती संभाजीनगर

काका, हिशेबाचे ठीक आहे. अभ्यासाबाबत मात्र गुरुजींचा आधार वाटतो तितका भक्कम नाही. २०१४ चा तो प्रयोग इतर संशोधकांनी २०१९ आणि २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवाले अधिक शब्द उतरवतात हे पुन्हा दिसले, परंतु हाताने लिहिणाऱ्यांची परीक्षेतील आघाडी तशी ठामपणे दिसली नाही. मी स्वतः चालू घडामोडींची टिपणे मोबाइलवरच ठेवते, कारण आठ महिन्यांपूर्वीची नोंद शोधायला मला आठ सेकंद लागतात.

अडचण निराळीच निघाली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. अनेक वर्षे बहुपर्यायी प्रश्नांचे केवळ गोळे रंगवल्यामुळे तीन तासांच्या सराव पेपरात दुसऱ्याच तासाला माझे बोट आखडले, आणि शेवटची उत्तरे मलाच वाचता येईनात. म्हणून रोज दोन उत्तरे हाताने लिहिते. हे प्रेम नव्हे, व्यायाम आहे.

टंकन व अक्षरजुळणी, नांदेड

डिजिटल टिकाऊ असते या समजुतीवर थोडे पाणी टाकतो. २००२ साली मी एका गावाच्या यात्रेची स्मरणिका युनिकोड (सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवली होती. परवा ती फाइल उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा पसारा दिसला. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे दुरुस्त करत बसावे लागले. मोडीला वाचक शोधावे लागले, तसे या फाइलींनाही लागतात; फरक इतकाच, की इथे पंचवीस वर्षेही लागली नाहीत. (जाता जाता: मुले आता हातानेही मोबाइलवर दिसणारा हिंदी वळणाचा ल काढतात. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श त्यांना वेगळा शिकवावा लागतो.)

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

टिकण्याचा मुद्दा मी मागे घेतो. परांड्याच्या पुरापुढे तो टिकत नाही. प्रयोगांबाबत ताईंनी केलेली दुरुस्तीही मान्य आहे. माझे म्हणणे आता एवढेच उरते, की वही जपून ठेवण्यासाठी नसून समजून घेण्यासाठी आहे, आणि लिहून झाल्यावर ती हरवली तरी निम्मे काम झालेले असते. नातवाला मी पीडीएफ बंद करून मूत्रपिंडाच्या कार्यावर एक पान लिहायला सांगितले. चार ओळींनंतर तो थांबला. आदल्या रात्री ती पीडीएफ त्याने तीनदा वाचली होती.

सीनाकाठ, परांडा

हे मात्र मुलीवर करून पाहतो. तिच्या नव्या वह्यांच्या पानांचे फोटो मी रोज रात्री काढून ठेवतो; त्याला आपली हरकत नसावी.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

मुळीच नाही. फक्त फोटो काढण्यापूर्वी पानावर तारीख घालायला सांगा.