मदत हवी आहे: मुंबई ते लंडन, डायरेक्ट की दुबईवरून?

आईला डिसेंबरमध्ये एकटीलाच हीथ्रोला पाठवायचंय, वय ७०, गुडघ्यांची बोंब आहे. सरळ अंतर साधारण ७,२०० किमी आणि दुबईवरून गेलं तरी दोन-तीनशे किमीच जास्त पडतंय, म्हणजे खरा वेळ खातो तो मधला हॉल्टच ना? डायरेक्टला दहा तासांच्या आसपास सलग बसायचं, तिकिटावर मात्र वेळा बघून आई म्हणते अगं साडेचार तासात तर पोचतेय की, आता साडेपाच तासांचा फरक तिला कोण समजावणार 😄 दुबईला व्हीलचेअर सांगून ठेवली तर तीन तासांचा हॉल्ट पुरतो का? कुणी आईवडिलांना असं एकटं पाठवलं असेल तर प्लीज सांगा, तिकीट याच आठवड्यात काढायचंय