हीट पंपाबद्दल ऐकलेलं खरं किती?

उंबरठा
गॅस बॉयलर काढून हवेतली उष्णता घेणारा हीट पंप बसवायचा विचार आहे. घरात ९ रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारे भिंतीवरचे पत्रे) आहेत, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे सगळ्यांची मिळून क्षमता १२ किलोवॅट. पारा फार तर उणे ८ पर्यंत उतरतो. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो: शून्याखाली पंप मान टाकतो, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या नसतील तर उपयोग नाही, बाहेरच्या युनिटमधून धूर येतो. बसवणारा म्हणतो १४ किलोवॅटचाच घ्या, कमी पडायला नको. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शून्याखाली
मान टाकत असता तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरोघरी दिसला नसता. पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरची उचलून आत आणतो. फ्रिज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसंच. पंपात फिरून ही उष्णता उचलणारं एक द्रव्य म्हणजे आर-२९०, अर्थात प्रोपेन. ते साध्या हवेच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतं. उणे ८ ची हवा त्याच्या लेखी गरमच.

थंडी वाढली की सीओपी (१ युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) घसरतो, हे मात्र खरं. बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंशांचं असेल तर ४ च्या पुढे मिळतो. बाहेर उणे ७ आणि पाणी ५५ चं हवं असेल तर २ च्या आसपास. पंपाची क्षमताही घटते. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा ७ अंशांचा असतो, तेव्हा तक्त्यात उणे ७ ची ओळ शोधा, तीही तुम्हाला लागणाऱ्या पाण्याच्या तापमानाची.

तांब्याची नळी
फरशीखालच्या नळ्या असल्या तर उत्तमच, पण सक्तीच्या नाहीत. सगळा खेळ पाण्याच्या तापमानाचा आहे. ते जितकं कमी ठेवता येईल तितकं बिल कमी. दर अंशामागे २ ते ३ टक्के धरा.

तक्त्यातले १२ किलोवॅट हे रेडिएटर खोलीपेक्षा ५० अंश जास्त गरम असताना मिळतात (पाणी सरासरी ७०, खोली २०). तोच फरक ३० वर आला की निम्मी क्षमता उरते, म्हणजे ६ च्या थोडं वर. २५ वर आला की ४० टक्के, म्हणजे ५ च्या आत. घराला खरोखर किती लागतं ते कळलं की कोणते रेडिएटर बदलायचे हेही कळतं. एका पॅनेलच्या जागी त्याच मापाचा दोन पॅनेल आणि मध्ये दोन घडीदार पत्रे असलेला (टाइप २२) लावला तर उष्णता जवळजवळ पावणेदोनपट मिळते आणि भिंतीवर जागा तेवढीच लागते.

पंप घेण्याआधी एक फुकटची चाचणी करा. कडाक्याच्या थंडीत बॉयलरचं फ्लो टेम्परेचर (निघणाऱ्या पाण्याचं तापमान) ५० वर आणा, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दिवसभर चालू राहू द्या. ज्या खोल्या २० अंशांना टिकतात, तिथले रेडिएटर पुरेसे आहेत. तासाभरात निकाल लावू नका, कमी गरम पाण्याला वेळ लागतो.

दुर्लक्ष होतं ते नळ्यांकडे. पंपातून निघणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात साधारण ५ अंशांचा फरक ठेवतात, त्यामुळे दर किलोवॅटमागे मिनिटाला २.९ लिटर पाणी फिरावं लागतं. बॉयलरचा फरक २० अंशांचा असेल तर पाऊण लिटरही पुरतं. २२ मिमी तांब्याच्या नळीतून ६ किलोवॅट निघतात. १० मिमीच्या नळीतून सव्वा किलोवॅटपुढे गेलात की पाणी आवाज करायला लागतं.

उंबरठा
चाचणी करतो. गेल्या हिवाळ्यातली एक नोंद सापडली: दिवसभर बाहेरची सरासरी शून्य, घर २० अंशांना, गॅस १३ घनमीटर. त्यातला अंदाजे दीड घनमीटर आंघोळीच्या पाण्याचा.

कोरडा_बल्ब
एवढी नोंद पुरेशी आहे. उरले ११.५ घनमीटर. एका घनमीटरचे साधारण १०.५ युनिट (किलोवॅट-तास), म्हणजे १२१. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घरात १०३ युनिट आले. २४ ने भागा: ४.३ किलोवॅट. हे २० अंशांच्या फरकाला झालं. उणे ८ ला फरक २८, म्हणून ६ किलोवॅट. तुमचे रेडिएटर पाणी सरासरी ५० असताना तेवढं देतात, म्हणजे पंपातून निघताना ५२-५३. दोन-तीन रेडिएटर बदलले तर ४७-४८ वरही भागेल.

आता १४ चा पंप बघा. बाहेर ८ अंश असताना तुमच्या घराला २.६ किलोवॅट लागतात आणि असं यंत्र बरेचदा ४-५ च्या खाली उतरतच नाही. मग दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. कॉम्प्रेसर झिजतो, सीओपी पडतो आणि शेवटी खापर हीट पंपावर! उणे ८ ला ६ ते ७ देणारा बघा. इन्सुलेशनने हा आकडा उतरतो, म्हणून करणार असाल तर आधी करा. पण त्यासाठी पंप अडवून ठेवू नका.

बसवल्यावर बिल फुगतं ते बहुधा तीन कारणांनी. पंपातला जोडीचा विजेचा हीटर नको तेव्हा चालू होतो, त्याचा सीओपी १ असतो; तो सुरू होण्याची मर्यादा सेटिंगमध्ये तपासा. दुसरं, पंप आणि रेडिएटर यांच्या मध्ये घातलेल्या बफर (पाणी साठवायच्या) टाकीत परतीचं थंड पाणी मिसळतं आणि पंपाला उगाच काही अंश जास्त गरम पाणी करावं लागतं. तिसरं, सवय. बॉयलरसारखा रात्री बंद आणि सकाळी भडका! त्याऐवजी हवामानाप्रमाणे पाण्याचं तापमान बदलणारा हीटिंग कर्व्ह लावा, दोन-तीन दिवसांनी एकेक अंश खाली आणा, घर गार वाटलं की एक पाऊल मागे. रात्री फार तर १-२ अंश कमी.

पैशांचा हिशेब वेगळा. वीज गॅसच्या चौपट महाग असेल आणि बॉयलर ९० टक्क्यांचा असेल, तर सीओपीची वर्षाची सरासरी ३.६ च्या वर गेल्याशिवाय बचत नाही. पंप महाग पडतो हा आक्षेप म्हणजे गैरसमज नव्हे.

उंबरठा
आणि धूर?

शून्याखाली
राहिलंच की! ती वाफ असते. दमट हवेत, विशेषतः ० ते ५ अंशांत, बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. मग पंपाची दिशा बदलणारा फोर-वे व्हॉल्व्ह उलटतो, घरातल्या पाण्याची उष्णता काही मिनिटं बाहेर जाते, पंखा थांबतो आणि वाफेचा लोट उठतो. काळजी करायची ती खाली गळणाऱ्या पाण्याची. युनिट जमिनीपासून किमान १० सेंमी उंच ठेवा, बर्फ पडत असेल तर आणखी वर, आणि खाली खडीचा शोषखड्डा करा. पायवाटेवर पाणी सोडलंत तर सकाळी तिथे काच झालेली असेल. युनिट कोनाड्यात कोंबू नका, तेच गार झालेलं वारं पुन्हा ओढलं जातं आणि बर्फ दुप्पट वेगाने चढतो.