मदत हवी आहे: विकिरणानंतर गाठीच्या पेशींचा चयापचय वाढलेला दिसतो, पण पेशी वाढत नाहीत, याचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार,

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ए५४९ पेशींवर क्ष-किरणांचा परिणाम अभ्यासत आहे. हाती आलेल्या दोन निरीक्षणांचा मेळ कसा घालावा, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

एकाच वेळी ६ ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या विकिरणाचे एकक) मात्रा दिल्यावर तीन दिवसांनी केलेल्या एमटीटी चाचणीत (जिवंत पेशींतील विकरे एका रंगद्रव्याचे जांभळ्या पदार्थात रूपांतर करतात, त्याचे मोजमाप) जांभळा रंग विकिरण न दिलेल्या पेशींपेक्षा थोडाच फिका येतो, म्हणजे वरवर पाहता बहुतेक पेशी सुखरूप आहेत. त्याच मात्रेनंतर विरळ पेरलेल्या पेशींपासून मात्र ५० किंवा अधिक पेशींच्या वसाहती फारच थोड्या तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली उरलेल्या पेशी पसरट आणि खूप मोठ्या दिसतात, काहींमध्ये तर एकाहून अधिक केंद्रके असतात; आणि संख्येने कमी असूनही त्या वाढीचे द्रव माध्यम लवकर पिवळे पाडतात, म्हणजे आम्ल भरपूर तयार होत असावे.

माझी समजूत अशी आहे: १ ग्रे मात्रेने एका पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे सुमारे ४० ठिकाणी तुटतात. दुरुस्तीसाठी पेशी विभाजन थांबवते, पण प्रथिने बनवणे थांबवत नाही, त्यामुळे ती फुगते आणि तिच्यातील मायटोकॉन्ड्रियाही वाढतात. शिवाय विकिरणानंतर एचआयएफ-१ हे (एरवी ऑक्सिजन कमी पडल्यावर वाढणारे) प्रथिन वाढल्याने ग्लुकोज आत घेण्याचा आणि त्याचे लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे रूप) करण्याचा वेगही वाढू शकतो. एमटीटी चाचणी विकरांची क्षमता मोजते, विभाजनाची क्षमता मोजत नाही. म्हणून दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात, असे मला वाटते.

अडचण पुढे येते. लॅक्टेटचे आकडे पेशींच्या संख्येने भागले तर वाढ ठळक दिसते, आणि एकूण प्रथिनांच्या वजनाने भागले तर ती जवळजवळ नाहीशी होते. पेशींचा आकारच बदललेला असताना यांपैकी कोणता भाजक ग्राह्य धरावा? मला दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत असे वाटते, पण निष्कर्ष कशावर बेतावा हे ठरत नाही.

याहून महत्त्वाची शंका अशी की, हे सारे मोजमाप प्रामुख्याने त्या मोठ्या, कायमच्या थांबलेल्या पेशींचेच असावे. ज्या मोजक्या पेशी पुढे वसाहत करतात, म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने ज्यांच्यापासून गाठ पुन्हा वाढण्याचा धोका असतो, त्यांचा चयापचय या सरासरीत हरवून जातो. बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराच्या नेहमीच्या रंजनाने थांबलेल्या पेशी ओळखता येतात, परंतु त्या रंजनासाठी पेशी रसायनाने स्थिर कराव्या लागतात, म्हणजे त्या मरतात, त्यामुळे पुढे त्यांचे जिवंत मोजमाप शक्य होत नाही.

विकिरण दिलेल्या पेशी जिवंत ठेवून, आकारानुसार किंवा एखाद्या रंगद्रव्याच्या साहाय्याने, फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासून निवडणाऱ्या यंत्रावर) वेगळ्या करून त्यांचा ऑक्सिजनवापर आणि लॅक्टेट स्वतंत्रपणे मोजण्याचा अनुभव कोणाला आहे का? आणि त्या वेगळ्या करताना बसणाऱ्या ताणानेच चयापचय बदलू नये, यासाठी किती वेळ विसावा द्यावा?