हिवाळा, अंधार आणि मन : तुमचे अनुभव

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की इथे स्टॉकहोमच्या मराठी मंडळींच्या गप्पांचा सूर बदलतो. झोप पुरत नाही, कशात मन लागत नाही, गोडाशिवाय काही सुचत नाही. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. जेमतेम सहा तास, तेही ढग नसले तर. पुण्यात त्याच दिवशी अकरा तास उजेड असतो. हा त्रास १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर', म्हणजे ठरावीक ऋतूत येणारं नैराश्य, म्हणून मांडला. आपल्यात मात्र 'घरची आठवण येत असेल' म्हणून त्याची बोळवण होते. घरची आठवण मे महिन्यातही येते हो, मग तेव्हा माणूस टुणटुणीत कसा?

लिहा मोकळेपणाने. फक्त 'मला उपयोग झाला' आणि 'डॉक्टरांनी सांगितलं' यांची सरमिसळ नको.

एडिंबरा
ऑफिसला जाताना अंधार, दुपारी पावणेचारला पुन्हा अंधार. शनिवारी धुतलेले कपडे पुढच्या शनिवारपर्यंत टोपलीतच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "डिंकाचे लाडू पाठवते, ताकद येईल." लाडू आले, दोन दिवसांत संपलेही, कारण नोव्हेंबर लागला की मी बटाटा, ब्रेड, साखर यांच्यावरच जगते. नैराश्यात भूक आणि झोप उडते एवढंच ऐकून होते, म्हणून हे नैराश्य असेल असं मनातही आलं नाही. जीपी (इथल्या फॅमिली डॉक्टर) बाई म्हणाल्या, हिवाळ्यातल्या प्रकारात बरेचदा उलट होतं : झोप वाढते, पिष्टमय खावंसं वाटतं, वजन चढतं. गेल्या वर्षी याच महिन्यांत असंच झालं होतं का, वसंतात आपोआप ओसरलं का, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. तो प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

टोरांटो
माझा अनुभव उजेडाच्या उपचाराच्या दिव्याचा. १०,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप), सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास, दीड-दोन फुटांवर तिरका ठेवून. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, समोर बसून चहा प्यायचा, मेल बघायचे. घरातले नेहमीचे दिवे काहीशे लक्सच्या पुढे जात नाहीत, म्हणून 'सगळे लाइट लावून बस' याने भागत नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा पहिल्याच दिवशी : "अगं, भल्या पहाटे हा फ्लडलाइट कशाला?" चौथ्या दिवशी त्याच पोथी घेऊन शेजारी बसल्या. मला आठवड्याभरात फरक पडला. संध्याकाळी लावून पाहिला तर रात्रभर टक्क जागी.

मँचेस्टर (मानसोपचारात काम करते)
वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. दिवा दुकानात मिळतो म्हणून निरुपद्रवी समजू नका. बायपोलर (कधी नैराश्य, कधी उन्माद असा आजार) असलेल्यांना त्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा प्रकाश सोसेनासा करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा. ड जीवनसत्त्वाबद्दल : ब्रिटनमध्ये शरद-हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमचा सल्ला सगळ्यांना आहे, आपल्यासारख्या सावळ्या कातडीला वर्षभर. पण तो हाडं आणि स्नायूंसाठी. त्याने हे नैराश्य हटतं असं सिद्ध झालेलं नाही. सीबीटी हा समुपदेशनाचा प्रकार मात्र टिकाऊ वाटतो. व्हरमाँटमधल्या एका अभ्यासात दोन हिवाळ्यांनंतर दिवावाल्यांपेक्षा सीबीटीवाल्यांचा त्रास कमी उलटला होता.

मिनियापोलिस
त्रास बायकोला, लिहितोय मी. मंडळाची दिवाळी झाली की ती फोन उचलायची बंद होते. 'जरा बाहेर पड, बरं वाटेल' हे वाक्य मी आता उच्चारत नाही. दुपारच्या सुट्टीत घरी येतो, तिचे बूट हीटरजवळ गरम करून दारात ठेवतो आणि स्वतःचे घालून उभा राहतो. कधी येते, कधी नाही. इथे उणे वीस असलं तरी ऊन पुष्कळ असतं, हे आमचं नशीब.

हेलसिंकी
डिसेंबरात सांगलीला गेलो. गच्चीवरचं ऊन, हुरडा, सगळं छान. परत आलो आणि जानेवारीत दुप्पट आपटलो. आता रजा फेब्रुवारीत घेतो, येईपर्यंत इथला दिवस बराच मोठा झालेला असतो.

रत्नागिरी
आमचा डिसेंबर लख्ख. मन बसतं ते जुलै-ऑगस्टात, कपडे वाळत नाहीत तेव्हा. हे यात धरायचं का, माहीत नाही.

सिअ‍ॅटल
माझं एप्रिल उजाडला तरी गेलं नाही. तपासण्यांत थायरॉइड निघालं, शिवाय बारमाही नैराश्यही. हवेवर ढकलत बसू नका. जगणंच नको वाटू लागलं तर दिवाबिवा बाजूला ठेवा आणि फोन करा : अमेरिका-कॅनडात ९८८, भारतात टेलिमानस १४४१६, ब्रिटनमध्ये ११६१२३.

एडिंबरा
टोरांटोताई, दिवा घेताना काय बघायचं?

टोरांटो
१०,००० लक्स किती अंतरावर मिळतात ते खोक्यावर वाचा. स्वस्तातले काही दिवे नाकाला टेकवल्यावरच तेवढे देतात. अतिनील किरण गाळणारा हवा, आणि आकाराने मोठा, म्हणजे मान जराशी हलली तरी चालतं. पावती जपून ठेवा, माझा पहिला परत करावा लागला.