लंडनच्या भुयारी रेल्वेचे श्रेय यर्क्सला द्यावे का?

प्रश्न
चार्ल्स टायसन यर्क्स याने फिलाडेल्फियात सार्वजनिक निधीच्या अपहाराबद्दल तुरुंगवास भोगला होता आणि शिकागोत ट्रामच्या परवान्यांसाठी नगरसेवकांना लाच चारणारा म्हणून तो कुप्रसिद्ध होता. तरीही आजच्या बेकरलू आणि पिकॅडिली मार्गांचा मूळचा मध्यवर्ती भाग आणि नॉर्दर्न मार्गाची एक शाखा (तेव्हाचा हॅम्पस्टेड मार्ग) त्याच्याच कंपनीने बांधली. त्याला निर्माता म्हणावे की निव्वळ सट्टेबाज?

प्रतिसाद १
निर्माताच म्हणावे. हॅम्पस्टेड मार्गाला संसदेची मंजुरी १८९३ सालीच मिळाली होती. पण भांडवलाअभावी ती कागदावरच राहिली आणि १९०० मध्ये यर्क्सने त्या मार्गाची कंपनी ताब्यात घेतल्यावरच कामाला गती आली. बेकर स्ट्रीट ते वॉटर्लू मार्गाचे (आजच्या बेकरलूचे) काम व्हिटेकर राइटचे दिवाळे वाजल्यामुळे अर्ध्यावर अडले होते, तेही १९०२ मध्ये त्यानेच उचलले. (एका बदनाम वित्तपुरवठादाराचे अपुरे काम दुसऱ्याने पुरे करावे, हा योगही विलक्षणच.)

प्रतिसाद २
पण पैसा कोणाचा होता, हेही पाहावे. १९०३ मध्ये पाच वर्षांच्या मुदतीचे रोखे विकण्यात आले आणि त्यांना तारण होते ते त्याच मार्गांच्या कंपन्यांचे समभाग. म्हणजे मार्ग चालले नाहीत, तर कर्ज आणि तारण दोन्ही एकदमच बुडणार. पिकॅडिली मार्गावर पहिल्या वर्षी ६ कोटी प्रवासी येतील असा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात सुमारे २ कोटी ६० लाखच आले. यर्क्स स्वतः डिसेंबर १९०५ मध्ये, तिन्हींपैकी एकही मार्ग सुरू होण्यापूर्वी, न्यूयॉर्कमध्ये वारला. १९०८ मध्ये रोख्यांची मुदत संपली तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि ते निस्तरावे लागले बँकर एडगर स्पायर यांना. मग श्रेय स्पायर यांना का देऊ नये?

प्रश्नकर्ता
रोख्यांचा मुद्दा मान्य. प्रवाशांना रेल्वे मिळाली आणि तोटा गुंतवणूकदारांच्या माथी आला, असेच ते झाले. तरी सट्टेबाज एवढ्याच शब्दाने भागेलसे आता वाटत नाही. लंडनच्या जुन्या, वाफेवर चालणाऱ्या डिस्ट्रिक्ट रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी बुडापेस्टच्या गांझ कंपनीची तीन-फेज एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेची) पद्धत जवळजवळ निश्चित झाली असताना, शिकागोच्या अनुभवावरून यर्क्सने डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेचा आग्रह धरला, प्रकरण लवादापुढे गेले आणि १९०१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. लंडनच्या भुयारी गाड्या अजूनही डीसीवरच धावतात.